बंद ठेवायचा फोन

गणवेशाच्या खांद्यावरच्या तिसऱ्या सोनेरी पट्टीचा एक धागा सुटला होता आणि निकेश तो ओढतच बसला होता — ओढला की सगळीच पट्टी उसवणार, हे कळत असूनही. चौथी पट्टी... कॅप्टनची... सकाळी कंपनीतली ती बाई काय गोड बोलली! सर, उद्या तुमची सुट्टी आहे, पण नागपूरचं विमान तेवढं न्या, तुमचं कॅप्टनचं प्रशिक्षण मी लगेच लावते. आणि आपण म्हणालो, संध्याकाळी सांगतो. सरळ नाही म्हणायला काय जीभ झडली होती?

पण मुळात फोन चालूच का होता? संघटनेच्या बैठकीत शपथ घेतली होती सगळ्यांनी — छोट्या गावांची छोटी विमानं उडवणारे आपण, आपल्याला विचारतो कोण, तेव्हा सुट्टीच्या दिवशी कुणी जायचं नाही, फोन बंद. झोप झाली नाही म्हणून विमान न्यायला नकार दिला, एवढ्यावर त्यांच्यातल्या वर्षालीला कंपनीनं घरी बसवलं होतं. सगळे अडून बसले तर तिला परत घ्यावंच लागेल. एक जरी गेला तरी तिचं संपलं.

"एकेकाले फोन करून राह्यले ना ते?" वडिलांनी, प्रभाकररावांनी, पानाला चुना लावत विचारलं. सिंदीत कापसाच्या व्यापारात हयात गेलेली. "हुशार हायेत. आमीबी तसंच करत होतो. रुमालाखाली हात, बोटं दाबून भाव. बाजूच्या गाडीवाल्याले कळूच द्याचं नाई."

"मी का कापूस आहो बाबा?"

"कापसाले तरी चार गिऱ्हाईकं असते. तुले एकच हाय."

आणि हसले! माणसाला माणसापासून तोडून हा बाप मोठा झाला, आणि त्याच कमाईवर मी आकाशात गेलो. निकेशला ते हसणं, ती चुन्याची बोटं, सगळ्याचाच संताप आला. आपला फोन चालू आहे हे कळायला नको म्हणून तो वडिलांचाच फोन उचलून अंगणात गेला. गजेंद्रला लावून पाहायचा. शपथ त्यानंच घ्यायला लावली होती, त्याचा बंदच असणार. बंद लागला की आपलाही बंद करायचा, मग कोण काय बिघडवतं बघू!

पहिल्याच रिंगला उचलला.

"हॅलो, मॅडम? दुसऱ्या नंबरवरून का? उद्याचं नागपूरचं मी नेतो म्हटलं ना. फक्त माझं नाव कुठे येऊ देऊ नका... हॅलो?"

निकेशनं फोन कापला. हरामखोर! शपथेच्या वेळी आवाज किती चढवला होता यानं! वर्षालीला आता काय सांगायचं... पण वर्षालीचा चेहरा डोळ्यांपुढे येईना. छाती मात्र हलकी झाली होती, लाज वाटावी इतकी हलकी. मोडणारा पहिला मी नाही. तो तसाच उभा राहिला, मनातल्या मनात गजेंद्रला शिव्या घालत, आणि घालता घालता त्याला कळलं की त्या वर्षालीसाठी नव्हत्याच. त्या विमानासाठी आधी मला विचारलं होतं. ते माझं होतं.