आखाजीचा झोका

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येऊन झोका घेतात. सत्त्याऐंशी साली दोंडाईच्याला नर्मदाबाई माहेरच्या निंबाखाली झोक्यावर बसली आणि दोर तुटला. लागलं काहीच नाही. पण बायका पोट धरून हसल्या, आणि भावजय भिकुबाई म्हणाली, "अक्का, पुढच्या वर्षी साखळदंड बांधू."

नर्मदाबाईनं ठरवलं, पुढच्या आखाजीला याच झोक्यावर बसेन, नाहीतर या निंबाखाली पाऊल ठेवणार नाही.

सावद्याला सासरी परतताच चहातली साखर सुटली, शेव सुटली. पहाटे स्टेशनच्या रस्त्यानं चालणं सुरू झालं. दर सोमवारी ती केळीच्या वखारीत घड तोलायच्या काट्यावर उभी राही आणि मगन हमाल आकडा सांगे. एक्क्याऐंशी किलोवरून ती चौऱ्याहत्तरवर आली. मग माघ गेला, फाल्गुन गेला, काटा चौऱ्याहत्तरवरून हलेना.

"काटा अडकला असेल."

"वहिनी, आताच दोन गाड्या घड तोलले. काट्याला काही झालं नाही."

त्या दिवसापासून चालणं बंद. चहा गोड झाला, वर वाटीभर शेव. आखाजीला जाणार नाही, हेही नवऱ्याला सांगून टाकलं.

चैत्रात कमलबाई कासारीण आली. सासूनं नर्मदाबाईला बळंच पुढ्यात बसवलं. कमलबाईनं नेहमीच्या अडीचच्या बांगड्या काढल्या, त्या न दाबताच सरकन कोपरापर्यंत गेल्या.

"हा हात आता सव्वादोनचा."

"काटा तर हलत नाही, मावशी."

"वीस वर्षं भरते मी हा हात, मला नको सांगू. रोज चालायची ती कुठनं?"

"स्टेशनच्या रस्त्यानं."

"इतके महिने तोच सपाट रस्ता? अंगाला पाठ झाला असेल. नांगरटीतून चाल की."

दुसऱ्या दिवशी नर्मदाबाई बिनसाखरेचा चहा पिऊन ढेकळांतून निघाली. पोटऱ्या भरून आल्या, दोनदा बसकण मारली, एकदा स्वतःशीच हसली. बाराव्या दिवशी मगन म्हणाला, "बहात्तर. काटा दुरुस्त झाला बघा, वहिनी."

आखाजीला ती दोंडाईच्याला गेलीच. भिकुबाईनं दोर दोनदा ओढून पाहिला. नर्मदाबाई बसली, पाय उचलले. फांदी करकरली. झोका गेला, आला, पुन्हा उंच गेला. हातातल्या नव्या बांगड्या किणकिणत राहिल्या. आई खालून म्हणाली, "घे, आज झोका तुनाच शे."

"भिकू, ये, जोडीनं घेऊ."

भिकुबाई मागं सरली. "नको अक्का, यंदा मीच वाढलेय."

"ये गं. दोर तुटला तर मी हसणार नाही."

भिकुबाई चढली. दोर काही तुटला नाही, आणि नर्मदाबाई तरीही हसलीच.