पांढऱ्या दोऱ्याचा बुटका

माझ्या रोपवाटिकेत चूक होत नाही. हे मी नाही म्हणत, आमचे हे म्हणतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून धरून. मी फक्त अडवत नाही.

पाल्मेटो विकायला अक्कल लागते. पंख्यासारख्या पानांचा हा ताड. एक जात उंच जाते, दुसरी बुटकी, तिचं खोड जमिनीखालीच राहतं, आणि तिसरीच्या देठाला करवतीसारखे दात. पण रोपं लहान असताना तिघींचं रूप एकच, गवताची चार पाती! म्हणून मी बी लावतानाच कुंडीला दोरा बांधते. उंचाला लाल, बुटक्याला पांढरा, करवतीला निळा.

पंधरा वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर वाचनालयात माळी म्हणून लागले. दाराच्या दोन्ही बाजूंना लावायला त्यांनी माझ्याकडून लाल दोऱ्याच्या दोन कुंड्या नेल्या. उजवीकडचा ताड दारापेक्षा उंच झाला. डावीकडचा कमरेच्या वर येईना.

मी दर महिन्याला जाऊन त्यांची हजेरी घ्यायची. "भाऊजी, पाणी कमी पडतंय." पुढच्या महिन्यात, "भाऊजी, पाणी जास्त झालं." एकदा तर म्हटलं, "तुमच्या हाताला गुणच नाही." ते बिचारे मान खाली घालून खुरपं पुसत बसायचे.

परवा भाऊजी घरी आले, चहाला हातही लावला नाही. वाचनालयात नवे व्यवस्थापक आलेत. त्यांना सगळं जोडीनं लागतं, दोन दिवे, दोन बाकं, दोन सारखी झाडं. ते भाऊजींना म्हणाले, "पंधरा वर्षांत एक झाड वाढवता येत नाही? सोमवारपासून दुसरा माळी येईल."

माझं डोकंच फिरलं. आपल्या माणसाला मी बोलेन, हा कोण लागून गेला? तडक गेले.

"आलात, बरं झालं," व्यवस्थापक म्हणाले. "तुम्ही तज्ज्ञ. सांगा, याला रोग कसला?"

रोग शोधायला मी खाली बसले, पान हातात घेतलं, उलटून बघितलं. उंच पाल्मेटोच्या पानात मधली शीर कण्यासारखी वाकते, पान दुमडल्यासारखं दिसतं. हे पान सपाट होतं. अगं बाई! पंधरा वर्षांत मी झाडाकडे बघितलंच नव्हतं. बघत होते ते भाऊजींकडे, डोळे वटारून.

आणि मग तो दिवसही आठवला. बागेतला नळ कोणी उघडा ठेवला यावरून ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि त्याच रागात मी तोंडानं भांडत हातानं दोरे बांधले होते.

'कीड लागली' म्हटलं असतं तर झाकली मूठ झाकलीच राहिली असती. शब्द जिभेवर आलेही होते. पण भाऊजी शेजारी खुरपं घेऊन उभे होते.

"रोगबिग काही नाही," मी म्हटलं. "ही बुटकी जात आहे. शंभर वर्षं पाणी घाला, एवढीच राहणार. माळ्याचा दोष नाही. कुंडी मी चुकीची दिली."

व्यवस्थापकांनी दोन्ही झाडांकडे आळीपाळीनं बघितलं. "मग उजवीकडचा वरून कापून एवढाच करता येईल?"

"नाही!" भाऊजी आणि मी एकदम ओरडलो.

भाऊजींची नोकरी राहिली. रोपं मात्र यापुढे दुसरीकडून घेणार, असं व्यवस्थापक मला तोंडावर म्हणाले. म्हणू देत.

पायऱ्यांवर मी हात जोडले. "भाऊजी, चुकलं माझं."

"वहिनी, मला तिसऱ्या वर्षीच कळलं होतं."

"मग तोंड शिवलं होतं का? नोकरी गेली असती ना!"

"दादा सगळीकडे सांगत असतो, आमच्या हिची कुंडी कधी चुकत नाही. त्याला कसं खोटं पाडू?"

मला रडूच आलं. चारचौघांत, भरदुपारी.

घरी पोचले तर हे फाटकाशी एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "निर्धास्त न्या. आमच्या हिची कुंडी कधी चुकत नाही."

"चुकते," मी म्हटलं. ह्यांच्या हातातली झारी खाली पडली. "आणि अहो, तो नळ त्या दिवशी मीच उघडा ठेवला होता."