वजन अंगाजवळ ठेवा

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, असं सासूबाईंनी मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं. आता खुशाल घेते. विलास. ऐकून हसायला तो नाही, आणि बजावणाऱ्या सासूबाई पलंगावर आडव्या आहेत.

विलास मालगाडीवर गार्ड होता. आम्ही बार्शीचे, त्याच्या बदलीमागून जयपूरला आलो आणि खातीपुऱ्यात छोटंसं घर बांधून इथेच राहिलो. गेल्या पौषात ड्युटीवर असताना फुलेऱ्याला गार्ड-ड्रायव्हरांच्या रनिंग रूममध्ये तो विश्रांतीला म्हणून झोपला, तो उठलाच नाही. मी रडले नाही. आलेल्या बायकांनी बराच वेळ वाट पाहिली, मग आपापसांत म्हणाल्या की धक्का बसलाय. धक्काबिक्का काही नव्हता. काहीच नव्हतं. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात आणि अर्धा गाल आपला राहत नाही, तसं मला सगळीकडे झालं होतं, आणि ते उतरत नव्हतं.

सासूबाईंचं नाव द्वारकाबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. विलास घरी असला की सकाळी त्यांना उचलून चाकाच्या खुर्चीत बसवायचा आणि अंगणात उन्हाला न्यायचा. तो गेला आणि त्यांचं ऊनही गेलं. कामाला ठेवलेल्या बाईला त्या हात लावू देत नाहीत. दोघी जणी पळाल्या. भांडीवाली आली की आम्ही दोघी मिळून त्यांना कुशीवर वळवायचो, चादर बदलायचो, तेवढंच.

गणपतीत धाकटे दीर, उत्तम भावोजी, सोलापूरहून आले आणि आईच्या पाठीवरची, पडून पडून झालेली जखम त्यांनी पाहिली. माणूस वाईट नाही. जेवताना म्हणाले, "वहिनी, तुमच्याच्यानं आई उचलवत नाही. दोष देत नाही मी. पण सोलापुरात एक केंद्र आहे, तिथं नर्स असतात. मार्गशीर्षात येतो अन् तिला घेऊन जातो."

"आणि मी उचलायला लागले तर?" मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

"एकटीनं खुर्चीत बसवलंत, तर माझं काही म्हणणं नाही. राहू दे तिला."

आता खरं सांगते, सासूबाईंवर माझा जीव होता असं काही नाही. सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्या स्वयंपाकाला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. पण त्या गेल्या की घरात मी आणि फ्रीजची घरघर. बाकी कशाचीच भीती वाटत नव्हती तेव्हा, एवढ्या एका गोष्टीची वाटायची. म्हणजे वाटत असावी, कारण त्या रात्री जेवण गेलं नाही.

लेकीला, ज्ञानदाला, फोनवर हे सांगितलं तर तिनं हैदराबादहून एक पुस्तक पाठवलं. बायकांनी वजनं कशी उचलावीत आणि त्यासाठी काय खावं, यावरचं. मूळ परदेशी बाईचं, हिंदीत उतरवलेलं. "आई, मतलब, हसू नको. फोटो बघून बघून कर," ती म्हणाली. मुखपृष्ठावर ती बाई खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन दात दाखवत होती. हिला सासू नसावी, एवढंच माझ्या मनात आलं.

पण वाचत गेले. दुसरं करायला होतं काय? पाठ वाकवायची नाही, कमरेतून वाकायचं. टाचांनी जमीन दाबायची. वजन अंगाजवळ ठेवायचं, जितकं लांब धराल तितकं ते जड होतं. खाण्याच्या प्रकरणात तिनं समुद्रातले मासे आणि कसली कसली फळं सांगितली होती. मी त्यांच्या जागी मटकी, मूग, पनीर आणि शेंगदाणे घातले. आणि एक वाक्य ठळक छापलं होतं, रिकाम्या पोटी वजन उचलू नका. ते वाचून मी पान उलटलं. मी कशाला उपाशी राहतेय?

अंगणात आधी पिठाची पिशवी उचलली, मग बादली, मग पोत्यात थोडे थोडे गहू वाढवत गेले. सासूबाई खिडकीतून बघायच्या.

"गव्हानं काय घोडं मारलंय तुझं?" एकदा त्यांनी विचारलं.

"तुम्हाला उचलायची सवय करतेय."

"माझ्यापेक्षा पोतं बरं. बोलत तरी न्हाई," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. जेवताना मात्र पापड मागितला. वर्षभर त्या रोज पापड मागत होत्या. या वयात एवढा पापड बरा नव्हे, म्हणून मी कुरकुरायची आणि भाजून द्यायची.

मार्गशीर्षात ठरल्याप्रमाणे भावोजी आले. रात्री जेवताना त्यांनी तीनदा लोणचं मागून घेतलं. मी मनात म्हटलं, बायको घरी लोणचं देत नाही वाटतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी पहाटे उठले, डोक्यावरून पाणी घेतलं, चौरंगावर कलश मांडला, पोथी वाचली. लग्न झाल्यापासून मार्गशीर्षातले गुरुवार धरत आलेय. इथे जयपुरात शेजाऱ्यांना ते माहीतही नसतात, पण माझे कधी चुकले नाहीत. चहा घेतला फक्त. मग पदर खोचला आणि सासूबाईंच्या पलंगाशी गेले. भावोजी खुर्ची धरून उभे होते.

त्यांना काठावर बसवलं. त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांनी अडवले. दोन्ही हातांनी काखेखाली धरलं, जरा लांबूनच. सव्वीस वर्षांत त्यांच्या इतकी जवळ मी कधी गेले नव्हते. टाचा दाबल्या. त्या उठल्या, अर्ध्यापर्यंत आल्या, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या मागे गादीवर कलंडल्या आणि मी खाली फरशीवर बसले.

कुणाला काही लागलं नाही. भावोजींनी आईला सरळ झोपवलं, मला पाणी दिलं. "वहिनी, पुष्कळ केलंत तुम्ही. आता पुरे," ते म्हणाले. "मी स्टेशनवर जाऊन तिकिटांचं बघतो." चप्पल घालून ते गेले. मला वाईट वाटायला हवं होतं. मी फरशीवरची शेंगांची टरफलं वेचत बसले.

"सकाळधरनं काय खाल्लंस?" सासूबाईंनी विचारलं. सव्वीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला.

"गुरुवार आहे आज."

त्या वर छताकडे बघत राहिल्या. "कुणासाठी धरलास?"

मी उत्तर शोधायला गेले, तर तिथे कुणी नव्हतं. कपाळावर कुंकू नाही, दाराशी त्याच्या चपला नाहीत, आणि मी कलश मांडून बसलेली. त्याचं आयुष्य, घराची बरकत, जे काही मी इतकी वर्षं मागत आले होते, ते मागून संपलं होतं. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

"सवयीनं," मी म्हटलं.

"तुझे सासरे गेल्यावर मीबी तीन वर्सं धरत हुते," त्या म्हणाल्या. "कुणाला बोलले न्हाई. सुटत न्हाई गं ते. हात आपोआप कलशाकडं जातोय." मग नेहमीच्या आवाजात, "कालची मटकीची उसळ हाय न्हवं? ती खा. भाकरीसंगट. बसून खा, उभ्यानं नको. अन् मग ये."

"आज? गुरुवारी?"

"देवीला मी सांगते. तू जा."

मी गेले. ओट्यापाशी पाट घेऊन बसले आणि उसळ-भाकरी खाल्ली. चवीचं म्हणाल तर कागद खाल्ला असता तरी चाललं असतं. पण पोटात ऊब आली. थोडा वेळ तशीच बसले आणि मग पलंगाशी गेले.

या खेपेला लांबून धरलं नाही. पुस्तकातल्या बाईचं ऐकलं. छातीला छाती लावली, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं, हात त्यांच्या पाठीमागे गुंफले. अंगाला खोबरेल तेलाचा आणि औषधाचा वास होता. श्वास घेतला, टाचा दाबल्या, आणि त्या उठल्या. पोत्यापेक्षा हलक्या लागल्या मला. वळून त्यांना खुर्चीत टेकवलं. झालं.

मी हात सोडले, पण त्यांनी सोडला नाही. त्यांचा चालता डावा हात माझ्या मानेमागे होता आणि त्यांनी तो तसाच घट्ट ठेवला. मी वाकलेली, कमरेतून, पाठ सरळ.

"आई, सोडा आता."

"थांब वाईच," त्या म्हणाल्या.

मी थांबले. विलास गेल्यापासून मला कुणी असं धरलं नव्हतं.

खुर्ची ढकलत त्यांना अंगणात आणलं. त्यांनी उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले. तेवढ्यात भावोजींचा फोन आला, अहमदाबादपर्यंत दोन बर्थ मिळतायत, पुढची गाडी तिथून, काढू का म्हणून. मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला.

"एकच काढ," त्या म्हणाल्या. "तुझं." मग मला फोन बंद करायची खूण केली.

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "खाल्लीस ना उसळ? कशी हुती?"

"बरी होती."

"मीठ न्हवतं तिच्यात."

"कालच्या?"

"विलास गेल्यापासनं कशातच नसतं. कधीमधी घालतीस."

मला ते तीनदा मागितलेलं लोणचं आठवलं. रोजचे पापड आठवले.

"मग बोलला का नाहीत?" मी जरा चिडूनच विचारलं. "एरवी तर सोडत नाही तुम्ही."

"काय बोलायचं? तुला कळंल तवा घालशील म्हनलं."

मी स्वयंपाकघरात गेले. पातेल्यात थोडी उसळ उरली होती. बोटानं चाखली. अळणी होती, अगदी अळणी, आणि ती अळणी असल्याचं मला स्पष्ट कळलं. मिठाच्या बरणीत हात घातला तर तळाशी ओल धरून मिठाचा दगड झाला होता. चमच्यानं तो फोडता फोडता मला रडू आलं, आणि या खेपेला ते थांबेना. बाहेरून सासूबाईंनी हाक मारली नाही.