टोपीचा बंद

प्रमोदिनीबाईंनी पिशवीतून फ्रेम काढली, काचेवरून पदर फिरवला आणि ती भागीरथा आत्याबाईंच्या मांडीवर ठेवली.

"उजेडाकडे धरा, आत्याबाई. नीट बघा."

"उजेड काय करीन मले? डोये राह्यले कुठी?" आत्याबाई म्हणाल्या, पण फ्रेम त्यांनी खिडकीकडे कलती केली. नव्वदी ओलांडलेली त्यांची बोटं काचेवरून फिरली. गोल टोपी, चौकोनी कॉलर, मग कपाळ. तिथे ती थांबली. "हा तं खुशालदादा."

"हो. तुमचा दादा. माझे बाबा."

खलाशाच्या गणवेशातला तो एकच फोटो घरात होता. प्रमोदिनीबाईंनी बापाला पाहिलं ते एवढंच. त्या तीन महिन्यांच्या असताना तो मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, आरमारावर गेला आणि परत आला नाही. निघताना आईने ओवाळलं, आणि तो टिळा पुसू न देता त्याने स्टुडिओत जाऊन हा फोटो काढून घेतला, असं आई सांगायची. कपाळावर टिळा दिसतही होता, त्यात चिकटलेला अक्षतेचा एक दाणासुद्धा.

आई कधी सरकारच्या दारात पैसे मागायला गेली नाही. तार आली नाही म्हणून तिने कुंकूही पुसलं नाही. पुसलं ते फार उशिरा. देवश्रीच्या बारशाला ती अमरावतीतच लेकीच्या घरी मोकळ्या कपाळाने आली आणि पाळण्यापासून लांब, भिंतीला टेकून बसली. नातीला पाळण्यात घालायला उठली नाही. बायकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, आता किती वाट बघायची.

आज तीच देवश्री गाडी चालवत आईला अकोल्याला घेऊन आली होती आणि आत्याबाईंच्या पलंगाशी स्टुलावर बसून होती.

"आत्याआजी, गावात शाळेपुढे दगड बसवतायत," तिने सांगितलं. "भातकुलीचा कारागीर आहे. लढाईत गेलेल्यांची नावं कोरणार. दोन नावं ठरलीत. आजोबांचं तिसरं. पण किशोरभाऊ, ते सरपंच, म्हणतात काहीतरी पुरावा द्या."

"मंग?"

"दोन वर्षं झाली आम्ही सगळीकडे लिहितोय. मागच्या आठवड्यात नौदलाकडून उत्तर आलं. या नावाचा माणूस नाही म्हणे."

"तेव्हाचे सगळेच कागद राहिलेत असं नाही," प्रमोदिनीबाई घाईने म्हणाल्या. "नागपूरला एक निवृत्त नौदलवाले आहेत, ते म्हणाले. फार चांगला माणूस. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. लढाईच्या दिवसांत टोपीच्या पट्टीवर जहाजाचं नाव घालत नसत, म्हणून त्यावरून काही कळत नाही. पण हे पाहा." त्यांनी काचेवर नख टेकवलं. बापाच्या दोन्ही कानशिलांवरून दोन पुसट रेघा खाली उतरत होत्या. "मला वाटायचं, फोटोला घडी पडली. ते म्हणाले, टोपीचा बंद आहे तो. समुद्रावर वारा असला की खलाशी हनुवटीखाली घेतात. म्हणजे बाबा जहाजावर जाऊन आले होते, मग फोटो काढला! आईचं थोडं पुढेमागे झालं असेल सांगताना."

आत्याबाई त्या रेघांकडे बघत राहिल्या.

"आणखी एखादा फोटो मिळाला तर बघा असं ते म्हणाले. सोबत्यांबरोबरचा, कुठलाही. आमच्याकडे होता तो लग्नाचा, त्याला वाळवी लागली. तुमच्याकडे काही असेल?"

"वायवी लागली असं वैनीनं सांगतलं तुले?"

"हो."

"अन् जहाज कोनतं म्हने?"

प्रमोदिनीबाई हसल्या. "शाळेत असताना रोज विचारायची मी. ती एकच सांगायची, मोठं होतं."

आत्याबाईंनी काचेवरचा हात काढून घेतला. मग त्यांनी सुनेला हाक मारली. "पौर्णिमे, माही पेटी उघड. खाली, लुगड्याच्या घडीत आहे. वरच्या साड्यांत नको पाहू, खालीच जाय."

पौर्णिमा हात पुसत आली. पेटीतून वरच्या साड्या पलंगावर आल्या, मग शाली, मग जुनं, विटलेलं लुगडं. त्याच्या घडीतून पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो निघाला. पौर्णिमाने तो प्रमोदिनीबाईंच्या हातात दिला.

लग्नाचा होता. अंगणात सतरंजीवर बसलेली माणसं, पुढे परकरातली आत्याबाई असावी अशी एक मुलगी, मधोमध नवरानवरी. नवरीची मान खाली. नवऱ्याने मान किंचित डावीकडे वळवून सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलेलं. कपाळावर टिळा आणि टिळ्यात अक्षतेचा दाणा. फेट्याखालून दोन्ही कानशिलांवर उतरलेल्या मुंडावळ्या.

प्रमोदिनीबाईंनी फोटो खाली ठेवला. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. मग लग्नाचा फोटो फ्रेमच्या शेजारी धरला आणि बोटाने आधी इकडची रेघ वरून खाली मोजली, मग तिकडची.

"देवश्री, तुझे डोळे चांगले आहेत. तू बघ."

देवश्री वाकली. बघून झाल्यावर तिने आईकडे पाहिलं नाही. "तोच चेहरा आहे, आई. यावरूनच घेतलाय."

"तू कडेवर होती तवा," आत्याबाई म्हणाल्या. "वैनी आली अन् म्हने, फोटो द्या आठ दिवसासाठी. तिच्यापाशी होता, पन तिनं तो फाडला होता. इथं टेशनाकडं एक फोटोवाला होता. त्याच्यापाशी शिपायाचे, सायबाचे, सारे डरेस राहेत. लोकं घालून फोटो काढत. त्यानं दुसऱ्याच कोनाच्या आंगावर दादाचं मुंडकं बसवलं. फेटा झाकला टोपीनं. मुंडावया पुसल्या, पन चांगल्या पुसल्या नाई मेल्यानं."

पौर्णिमा साड्यांच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले.

"काहून केलं आईने असं?" प्रमोदिनीबाई इतक्या वर्षांनी माहेरच्या बोलीत बोलल्या, ते त्यांनाही कळलं नाही.

"काहून? टाकलेल्या बाईले कोन भाड्यानं खोली देते? लढाईवाल्याची बायको म्हनून अमरावतीत तिले मास्तरीन केलं. तुई सोयरीक झाली तेई त्या फोटोवरच झाली. तुया सासऱ्यानं मले विचारलं होतं. मी म्हटलं, हो, गेला लढाईत. आता मी तरी कोनासाठी झाकून ठेवू? तू दगडावर कोरून राहिली."

"मग ते कुठे होते?"

"खांडव्याले. रेलवेत." आत्याबाईंनी फ्रेम उपडी करून मांडीवर ठेवली. "घर होतं तिकडं त्याचं. लेकरंई होते. मेला तवा मलेच निरोप आला. मी अमरावतीले जाऊन वैनीले सांगतलं. तिनं मले चहा पाजला. मंग मोरीत गेली अन् कपाय धुऊन आली." त्यांनी देवश्रीकडे बोट केलं. "हिचं बारसं चार दिवसावर होतं."

प्रमोदिनीबाईंना ती भिंत आठवली, आणि भिंतीला टेकून बसलेली आई. पाळणा म्हणताना तिचे ओठ हलत होते. त्यांनी तेव्हा रागाने दोनदा म्हटलं होतं, आई, ऊठ ना, लोक बघतायत.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडलं. कपाशीची शेतं वेचून झालेली, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. फ्रेम प्रमोदिनीबाईंच्या मांडीवर होती.

"तिकडे तुझी भावंडं असतील," देवश्री म्हणाली.

"असतील."

"शोधायचं का?"

प्रमोदिनीबाईंनी खिडकीची काच वर घेतली. बडनेऱ्याच्या अलीकडे फोन वाजला. देवश्रीने गाडीतल्या स्पीकरवर घेतला.

"बाई, किशोर बोलून राहिलो. कारागीर बसला आहे जी. आला का कागद?"

"नाही आला, किशोर."

"जाऊ द्या मंग कागद. फोटो आहे ना तुमच्यापाशी? डरेसवाला? म्या पाह्यला आहे तो लहानपनी. फोटोले कोन नाई म्हनते? टाकतो नाव."

प्रमोदिनीबाईंचा अंगठा फ्रेमच्या कडेवरून फिरत होता.

"दोनच नावं टाका."

"आं? काहून जी?"

"त्या दोघांच्या घरी तारा आल्या होत्या. दोनच टाका."

पलीकडे कारागिराशी काहीतरी बोलणं झालं. मग किशोर पुन्हा आला. "बाई, तीन नावांचं माप धरून दगड कापला हो. खाली जागा रिकामी दिसन."

"दिसू द्या."

राजापेठेत शिकवणीचे वर्ग सुटले होते. दुचाक्यांतून वाट काढत गाडी दारात लागेपर्यंत दिवे लागले. आतमध्ये स्वयंपाकाच्या आशाबाई कणीक मळत होत्या. दोघींची चाहूल लागताच त्या कणकेचे हात तसेच घेऊन दारात आल्या. सकाळी फ्रेम उतरवताना त्यांनीच खालून हात लावला होता, आणि बाईंचं काम होऊ दे म्हणून देवाला साखर ठेवली होती.

प्रमोदिनीबाई समोरच्या खोलीत गेल्या. भिंतीवर फ्रेमच्या आकाराचा फिकट चौकोन होता. त्यांनी टाचा उंचावल्या. देवश्रीला वाटलं, त्या खिळा काढतायत. ती पुढे झाली, तोवर फ्रेम जागेवर बसली होती. प्रमोदिनीबाईंनी ती एका बाजूने किंचित वर केली, मागे सरून पाहिलं, पुन्हा किंचित खाली केली.

"बाई," आशाबाईंनी विचारलं, "जहाज सापडलं का?"

देवश्रीने आईकडे पाहिलं.

"सापडलं."

"अवो माय! कसं होतं?"

प्रमोदिनीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि काचेवरून, दोन्ही कानशिलांच्या जागी, हळूच फिरवलं.

"मोठं होतं," त्या म्हणाल्या.