शाईची अळंबी

निडी गावात शकूच्या परसात, तोडलेल्या आंब्याच्या बुंध्याशी राखाडी अळंबी फुटली होती. अंड्याएवढी, झुपक्याझुपक्यानं. गटारीला आयतं कालवण! या घरची रीत अशी की, नवखं रानातलं आधी म्हातारीनं खायचं. सासूनं, ठमाबाईनं, चार घास खाल्ले, तासभर ओट्यावर बसली नि म्हणाली, "मी हाय जित्ती. वाढ गो सगल्यांना."

सगळे जेवले. संध्याकाळी शकूचा नवरा सुशील शेजारच्या नितेशबरोबर प्यायला बसला. दुसऱ्या पेल्यालाच त्याचं तोंड तांबडंलाल झालं, छाती धडधडू लागली, भडाभडा ओकला.

"सुश्या, यंदा लवकर चढली रे!" नितेश खिदळला.

शकूनं रिक्षा करून त्याला रोह्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं मान वर केली नाही. "गटारीला असले दहा येतात."

"आमी अळंबी खाल्लीय, डॉक्टर."

"तुम्हीही खाल्लीत ना? मग तुम्हाला काय झालं?"

काही नाही. सलाईन संपल्यावर तिनं त्याला रातोरात घरी आणलं.

सकाळी सुशील उठून बसला. टोपलीत उरलेली अळंबी मात्र विरघळून काळी शाई झाली होती. मृणालीनं, लेकीनं, फोटो कॉलेजच्या बाईंना पाठवला. उत्तर आलं: 'शाईची अळंबी दिसते. नुसती खाल्ली तर बहुधा काही होत नाही. वर दारू गेली की विष. पाच दिवस थेंबही देऊ नका.'

शकू धावत सुटली. नितेशच्या ओट्यावर सुशीलच्या हातात पेला होताच.

"उतारा हाय, वयनी. रातच्यावर सकालचा घोट, हेच औषद."

"आरं, अळंबीचं इष हाय ते! दारू नको!"

"मंग म्हातारी कशी ठणठणीत?"

"माज्यावर आळ घेतंस व्हय गो?" ठमाबाई आपल्या ओट्यावरून कडाडली.

शकूनं झडप घातली, पण सुशीलनं पाठ फिरवून घोट घशाखाली घातला. बायकोपेक्षा दारूवर विश्वास ठेवणं या गावाला सोपं जातं. आता तिच्या हाती एवढंच उरलं, त्याचे कान लाल होताना बघणं.

पुन्हा तोच डॉक्टर, तीच खाट. चादरीखाली सुशीलची छाती उडत होती. शकूनं काळ्या बोटांनी टोपलीतल्या शाईचा वाडगा पुढं केला.

"परत पाजलीत?" डॉक्टर म्हणाला. "आणि ते बाहेर ठेवा. आधी हात धुऊन या."