मढव्यांच्या ओटीवरचा लॅब्रॅडॉर

मी ठाण्याजवळच्या बाळकुम गावात मढव्यांच्या ओटीवर पडलेला काळा कुत्रा बोलतोय. उभा राहून बोललो असतो, पण मागचे पाय हल्ली माझे ऐकत नाहीत. मला बारा वर्षे पुरी झाली. माणसांत या वयाला शाळेत छड्या खातात, आमच्यात पेन्शनीत निघतात.

जातीने मी लॅब्रॅडॉर. हे मी अभिमानाने सांगत नाही. माझ्या पहिल्या मालकाने तो सगळा अभिमान स्वतःच बाळगला, माझ्या वाट्याला काही उरले नाही. ठाण्याच्या एका गिरणीतला तो इंग्रज साहेब. लढाई संपली त्या साली त्याच्या बंगल्यात माझा जन्म झाला. माझ्या चार पिढ्यांची नावे लिहिलेला कागद त्याने काचेत बसवून दिवाणखान्यात लावला होता. स्वतःच्या आजोबांचे नाव मात्र तो कधी काढत नसे. काढण्यासारखे नसावे.

माझे काम एकच होते. थंडीत खाडीकाठी साहेब बंदुकीने बदके पाडी आणि मी पाण्यात उडी घेऊन ती आणी. तोंडात धरायचे, पण दात लागू द्यायचा नाही, हा आमच्या जातीचा धर्म. बदके नसतील तेव्हा साहेब काठी फेकी, चेंडू फेकी. एकदा रागाच्या भरात त्याने मडमेची चप्पल तळ्यात भिरकावली. तीही मी आणून दिली. त्या दिवशी मला कोणी शाबासकी दिली नाही. का, ते मला तेव्हा कळले नाही.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या श्रावणात साहेबाच्या पेट्या बांधून झाल्या. पेट्यांत चिनी मातीची भांडी गेली, हरणाची शिंगे गेली, माझ्या पूर्वजांचा कागदही गेला. मी राहिलो. साहेबाने बागेतल्या गोपीनाथ माळ्याला बोलावून सांगितले, याला चांगले घर मिळाले तर ठीक. नाही मिळाले तर पुढच्या शनिवारी परत आण. बोटीवर चढण्यापूर्वी मी स्वतः गोळी घालून जाईन, उकिरड्यावर हाल होऊन मरण्यापेक्षा ते बरे. असे म्हणणारा तो एकटा साहेब नव्हता. त्यांच्यात याला दया म्हणत.

गोपीनाथ मला घेऊन चालत बाळकुमला आला. तिथे त्याची बहीण शालू दिली होती. शालूचा नवरा काळुराम मढवी मिठागरावर मुकादम. पावसाळ्यात मिठागर बंद, म्हणून तो घरी भातशेतीवर होता. मला पाहून त्याचे डोळे लकाकले. पण त्या घरात डोळे लकाकून काही होत नसे. ठरवण्याचे खाते त्याच्या आईकडे, बायजाकडे होते.

बायजा तेव्हा साठीची, माझ्यापेक्षा फार उंच नव्हे, आणि घाईची तिला मनापासून चीड. कोणतीही वस्तू आठ दिवस पारखल्याशिवाय ती घरात घेत नसे. कोयता आठ दिवस चालवून पाही. रेडकू आठ दिवस बांधून पाही. शालूलाही लग्न ठरण्याआधी काहीतरी निमित्त काढून आठ दिवस आणून ठेवले होते, असे गावात म्हणतात. शालू हे नाकारते, पण लगेच नाही.

मला दारात उभे करून बायजाने माझ्याभोवती एक फेरी मारली.

"खातो किती?"

"खातो बरा, मावशे," गोपीनाथ म्हणाला. खरा आकडा सांगण्याइतका तो भोळा नव्हता.

"राहू दे आठ दिस. नाव ठेवू नका. नाव ठेवला का मग काढता येत नाय."

मागच्या अंगणात गोपीनाथने काळुरामला शनिवारची गोष्ट सांगितली. काळुराम बराच वेळ माझ्या कानामागे खाजवत राहिला.

"दाजी, मावशीला सांगू का?"

"नको. सांगितला तर ती आताच हो बोलेल. आन मग जलमभर मना बोलेल, तुमी मना पारख करू दिली नाय."

अशा रीतीने माझ्या परीक्षेला सुरुवात झाली. नापास झाल्यास काय होणार, हे परीक्षक सोडून सर्वांना माहीत होते.

पहिल्याच दिवशी मी जवळजवळ नापास झालो. बायजाने तांदळाची भाकरी आणि सुकटीचे कालवण माझ्यासमोर ठेवले. तसला वास साहेबाच्या स्वयंपाकघरात जन्मात आला नव्हता. माझ्या तोंडाला पाणी सुटले, त्याचे ओटीवर तळे झाले, पण मी खाल्ले नाही. साहेबाची शिस्त अशी की ताट समोर आले तरी हुकूम झाल्याशिवाय तोंड लावायचे नाही. तो हुकूम इंग्रजीत होता आणि बाळकुमात तो कोणाला ठाऊक नव्हता. गोपीनाथलाही नव्हता, त्याचा संबंध गुलाबांशी. दुपार झाली, भाकरी वाळली, मी बसलेलाच.

"एकादशी हाय का रे तुझी?" बायजाने विचारले.

शालू म्हणाली, "आये, सुकट आवडत नसेल त्याला."

"आवडत नाय त्याची लाल अशी गलते?"

ती माझ्यासमोर बसली आणि माझ्याकडे पाहू लागली. मी भाकरीकडे पाहत होतो, मग तिच्याकडे, मग भाकरीकडे. साहेबाला शिकवायला तीन महिने लागले होते. या बाईला ती शिस्त उलगडायला पाव घटकाही लागली नाही. "कोनी बोलल्याशिवाय खात नाय हा," ती म्हणाली, आणि एक तुकडा मोडून तिने माझ्या ओठाशी धरला. "खा."

मी खाल्ले. हुकमाची भाषा मी त्या दिवशी बदलली आणि त्याचा मला कधी पस्तावा झाला नाही.

त्यानंतर ती मुद्दाम माझ्यासमोर उन्हाळ्यात वाळवलेले बोंबील उघडे टाकून शेतावर जाऊ लागली. परत येऊन मोजी. एकही कमी नसे. ती कोणाला काही बोलली नाही, पण चौथ्या दिवसापासून माझी भाकरी तव्यावरून थेट येऊ लागली. नाव नव्हतेच, म्हणून ती मला पाव्हना म्हणे. नऊ वर्षे झाली, अजून मी पाव्हनाच आहे.

शेजारच्या नाथा केणीला मी पहिल्यापासून खुपलो. नाथा वाईट माणूस नव्हे. त्याला फक्त इतरांच्या दारात काय चालले आहे याची काळजी फार.

"बायजाकाकी," कुंपणावर कोपर टेकून तो म्हणे, "सायब जेला, आन त्याचा कुत्रा तुमचे ओटीवर ठेवून जेला. मग स्वराज्य आला का नाय?"

"आला ना," बायजा म्हणे. "सायबाचा कुत्रा आता माजी भाकर खातो."

आठव्या दिवशी गुरुवार होता आणि नारळी पौर्णिमा होती. बाळकुमात त्या दिवशी सगळा गाव वाजतगाजत खाडीवर जातो, खाडीला नारळ देतो, आणि मगच होड्या पाण्यात उतरतात. पहिला नारळ देण्याचा मान मढव्यांच्या घराचा. काळुरामच्या पणजोबापासून तो मान चालत आला होता. घरात सोन्याचा मणी नसला तरी चालेल, पण तो मान होता म्हणून काळुराम गावात छाती काढून चाले. बाप गेल्यापासून नारळ बायजा देई. त्या सकाळी तिने नारळाला सोनेरी कागद लावला, हळदकुंकू वाहिले, आणि मला म्हणाली, "चल रे, आज तुझा पन निकाल हाय."

तिने मला सोबत नेले, इथेच सगळा घोटाळा झाला.

बांधावर दोनशे माणसे, पुढे ढोल. बायजाने नारळ कपाळाला लावला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली, आणि नारळ खाडीत फेकला.

आता तुम्हीच सांगा. माझ्या चार पिढ्यांनी दुसरे काही केले होते का?

मी हवेत असतानाच नारळ पाण्यावर आपटला. भरती होती, पाणी गढूळ होते. मी सरळ पोहत गेलो, नारळ अलगद तोंडात घेतला, परत आलो, अंग न झटकता बायजाच्या पायाशी ठेवला आणि तिच्याकडे पाहत बसलो. सोनेरी कागदाला एक दात लागला नव्हता. इतके स्वच्छ काम मी साहेबासाठीही कधी केले नव्हते. हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

ढोल थांबला, पोरे हसली. काळुराम धावत आला, घाबरून त्याने नारळ उचलला आणि आणखी लांब फेकला. फेकण्यापूर्वी मला धरावे, हे दोनशे माणसांत एकालाही सुचले नाही. मला वाटले, पहिली खेप पसंत पडली. दुसऱ्यांदा तो मी आणखी लवकर आणला.

या खेपेला कोणी हसले नाही. साहेबाच्या तळ्यावर जसे सगळे गप्प झाले होते तसे झाले, फक्त माणसे जास्त होती.

"दोनदा फिरला," नाथा हळू आवाजात म्हणाला. "काकी, उद्या आमची पोरा होड्या घेऊन जातील. खाडीनं नारल ठेवून घेतला नाय, तर त्यांनी कोनाचे भरवशावर जायचा?"

मागून दोघेतिघे बोलले. कुत्रा आज गावाबाहेर गेला पाहिजे. ज्याचा होता त्याच्याकडे परत जाऊ दे.

"परत कुठं जाऊ दे?" काळुरामचा तोल गेला. "शनवारी सायब त्याला गोली घालनार हाय."

बायजाने मान वळवली. "कोन बोल्ला?"

"गोपीनाथ. पहिल्या दिशीच."

"आन मना कोनी सांगला नाय."

"सांगितला असता तर तू पारख केली असतीस का, आये?"

मी तिच्या पायाशी ओला बसलो होतो. माझ्याबद्दल काहीतरी चालले आहे एवढे मला कळत होते, कारण सगळे माझ्याकडे बघण्याचे टाळत होते. फक्त ती बघत होती. पहिल्या दिवशी भाकरीपुढे बसलेल्या मला पाहिले होते तशी, घाई न करता.

मग तिने वाकून नारळ उचलला, पदराने पुसला, हळदकुंकवाची वाटी मागून घेतली आणि त्याला पुन्हा हळदकुंकू वाहिले.

"चुकी याची नाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. "ज्याला आनायला शिकवलाय त्याचे म्होरं मी फेकला. चुकी मान घेनाऱ्याची. तवा मान आता आमचा नाय. नाथा, हात पुढं कर."

नाथाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मढव्यांच्या मानाकडे केण्यांच्या तीन पिढ्यांचे डोळे लागलेले होते, आणि तो असा ओल्या पदरातून हातात येईल असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

"काकी, मी असा नव्हतो बोललो."

"तू नाय बोललास. मी बोलते. कुत्रा माझे घरी राहील, नारल तुझे घरचा जाईल. यंदा आन पुढं पन. टाक, भरती उतरल नाहीतर."

"आये," काळुराम म्हणाला.

बायजाने दोन्ही हातांनी माझा पट्टा धरला. नाथाने नारळ फेकला. तो पाण्यावर आपटल्याचा आवाज आला आणि मी जीव खाऊन ओढ घेतली. ती गुडघ्यांवर चिखलात बसली, फरपटली, लुगडे कमरेपर्यंत माखले. पण तिने पट्टा सोडला नाही. नारळ डुलत डुलत वळणापलीकडे गेला तेव्हा ढोल पुन्हा वाजू लागला. त्यात आमच्या दोघांच्या धापा कोणाला ऐकू गेल्या नाहीत.

शनिवारी गोपीनाथ एकटाच बंगल्यावर गेला. साहेबाने "गुड" म्हटले आणि बंदूक पेटीत भरली, असे त्याने येऊन सांगितले. माझ्या बाबतीत साहेबाचा तो शेवटचा शब्द.

काळुराम पुढची होळी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. ओटीवर मला ओलांडून जाई, पण खाली बघत नसे. मी त्याला दोष देत नाही. पणजोबापासूनची गोष्ट एका सकाळी गेली आणि तिच्या जागी आला एक काळा कुत्रा, तोही भाकरी मोजून न खाणारा. एके दिवशी मिठागराच्या बांधावर त्याची टोपी वाऱ्याने पाण्यात उडाली. मी ती आणून दिली. त्याने ती पिळली, डोक्यावर घातली आणि म्हणाला, "चल घरी." तेवढ्यावर आमचे मिटले.

गावालाही माझी सवय झाली. खाडीत कोणी फाटकी चटई किंवा फुटकी टोपली फेकली की मी ती ज्याच्या त्याच्या दारात परत नेऊन ठेवी. लोक आधी चिडले, मग फेकेनासे झाले. एकट्या नाथाच्या दारात मी अकरा वस्तू पोचवल्या. तो आता मला कुंपणावरून सुकट टाकतो आणि "खा" म्हणतो. हा हुकूम त्याला बायजाने शिकवला.

आता माझ्या डोळ्यांवर पडदा आला आहे. बायजाच्याही. मागच्या अंगणातून ती हाक मारते आणि मी ओटीवरून शेपूट आपटून उत्तर देतो. ते तिला ऐकू जाते की नाही हे आम्ही दोघेही तपासत नाही.

ठाण्यात आता बंगलेवाले आपलेच लोक आहेत आणि त्यांना माझ्या जातीची हौस आली आहे, असे गोपीनाथ सांगतो. कुत्रा घ्यावा की नाही, असे ते त्याला विचारतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. आठ दिवस घ्या, हवे तर महिना घ्या. खातो किती ते विचारा, बोंबील मोजा. पण तो तुमच्यासाठी धावून चारचौघांत तुम्हालाच मान खाली घालायला लावील, तो दिवस येणार हे धरून चाला. त्या दिवशी पट्टा धरून चिखलात बसायची तयारी नसेल, तर त्याला दारात उभा करू नका.

नारळी पौर्णिमेला नाथाचा मुलगा महिपत पहिला नारळ देतो. आम्ही दोघे मागे, बांधाच्या टोकाला असतो. परवा कोणीतरी नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलीने बायजाला विचारले, आजी, मान गेल्याचे वाईट नाही वाटत का? बायजा म्हणाली, "नारल कोनी पन टाकील गो."

नारळ पाण्यावर आपटला की माझे अंग अजून उठते, पाय उठत नाहीत. आता मला धरण्याची काही गरज नाही. ती तरीही धरते.