तारा कुणाच्या हाताने वाढतात

तांबं पुन्हा काळं पडलं. निळं द्रावण फिकं व्हायचं, लालसर व्हायचं, तिच्या जिवात जीव यायचा, आणि मग काजळी फासल्यासारखं सगळं काळं. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता चुरा.

हव्या होत्या तशा, केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक, सरळ तांब्याच्या तारा एकदाच वाढल्या होत्या. पाहुणे येणार म्हणून तिच्या मार्गदर्शक सरांनी बाह्या सरसावून स्वतः प्रयोग केला होता तेव्हा. त्यावर त्यांनी शोधनिबंधही धाडला. आता त्या निबंधाचे परीक्षक म्हणत होते, पुन्हा करून दाखवा. सर म्हणत होते, तुझ्या हातात दोष आहे. प्रयोगशाळेत चांगलं होतं ते सरांचं, बिघडतं ते पोरींचं. आणि तिच्या प्रबंधावर सही सरांचीच लागणार होती.

आईचा फोन आला. "घरची भांडी घासायचा तुला कंटाळा, आणि तिकडे वर्षानुवर्षं तांबंच घासतेस! झालं का चकचकीत?"

"काळं झालं."

"मग लिंबू लाव."

"आई, ठेव गं!"

ती टेबलाभोवती येरझारा घालत राहिली. शेवटी सरच आले. "सरक. बघ नीट."

त्यांनी फ्लास्क उचलला, चहाचा कप विसळावा तसा नळाखाली धरला, झटकला, ओल्यातच निळं द्रावण ओतलं आणि शेगडीवर ठेवला. नळाचं पाणी काचेला लावायचं नाही, हा नियम त्यांचाच. तिची नजर त्या नळावरच राहिली. द्रावण लाल झालं आणि लालच राहिलं.

"बघितलंस? हात लागतो त्याला!"

दुसरा फ्लास्क तिने शुद्ध पाण्याने धुतला, त्यात तेच द्रावण ओतून चिमूटभर मीठ टाकलं. तोही लाल झाला. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत तारा.

"सर, मिठात असतो तोच क्लोराइड नळाच्या पाण्यातही आहे, हे त्याचं काम. कृतीत लिहावं लागेल."

"काय लिहिणार? सरांना भांडं धुता येत नाही?"

"मीठ घातलं, असं लिहीन."

"मग आधी धाडलेला निबंध खोटा ठरेल. सही हवी आहे ना तुला?"

"हवी आहे. पण चुऱ्याचा दोष माझ्या नावावर घेऊन नको."

तिने त्यांच्यासमोरच परीक्षकांना खरी कृती पाठवली. सर दार आपटून निघून गेले. सही मिळेल का, कुणाला ठाऊक. मीठ नेमकं किती, हे मात्र ठरायचं होतं. तिने तराजू पुढे ओढला.